उष्ण किनाऱ्यावरील माल्ट व्हिस्की : एका तरुण उद्योगाचे भवितव्य

व्हिस्की हे थंड प्रदेशाचे पेय होय, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. स्कॉटलंड आणि आयर्लंड येथील गार व दमट हवा, जवाची शेते, झऱ्यांचे पाणी आणि वर्षानुवर्षे अंधाऱ्या कोठारांत पडून राहणारी ओकची पिंपे यांच्यावाचून उत्तम व्हिस्की होऊच शकत नाही, असे जाणकारही मानीत असत. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या समजुतीला तडा गेला आहे. बंगळूर, गोवा, हरियाणा, राजस्थान आणि उत्तर प्रदेश येथील आसवनींमधून निघालेली माल्ट व्हिस्की आज युरोप-अमेरिकेच्या बाजारपेठांत विकली जाते. या प्रकरणात आपण प्रामुख्याने पश्चिम किनाऱ्याचा, म्हणजे गोवा आणि त्याला लागून असलेल्या कोकणपट्टीचा, विचार करणार आहोत. समुद्रसपाटीलगत, पंधराव्या अक्षांशाच्या आसपास, कडक ऊन आणि मुसळधार पाऊस यांच्यामध्ये हा उद्योग उभा राहिला आहे. त्याची वाढ कोठवर होईल, ती कशावर अवलंबून आहे आणि तिची इष्ट मर्यादा कोणती, हे तीन प्रश्न आपल्यासमोर आहेत.

व्हिस्की कशास म्हणावे?

भवितव्याची चर्चा करण्यापूर्वी संज्ञा स्पष्ट करून घेणे आवश्यक आहे; कारण या उद्योगातील अर्धे वाद संज्ञांचेच आहेत.

जव भिजवून त्यास मोड आणतात आणि योग्य वेळी ते वाळवून मोडाची वाढ थांबवतात. या मोडावलेल्या धान्यास माल्ट म्हणतात. मोड येताना धान्यात जी विकरे तयार होतात, ती पिष्टाचे साखरेत रूपांतर करतात. माल्ट भरडून गरम पाण्यात कालवले की गोड रस मिळतो. त्यात यीस्ट मिसळून किण्वन केले की सौम्य मद्य तयार होते आणि त्या मद्याचे तांब्याच्या भट्टीत बहुधा दोनदा आसवन केले जाते. भट्टीतून येणारा द्रव पाण्यासारखा रंगहीन असतो. त्यास रंग, सुवास आणि मार्दव येते ते लाकडी पिंपात मुरल्यावर. केवळ माल्टपासून, एकाच आसवनीत, अशा भट्टीतून काढलेल्या व्हिस्कीला सिंगल माल्ट म्हणतात.

भारतात 'व्हिस्की' या नावाने जे पेय मोठ्या प्रमाणावर विकले जाते, त्याची घडण बहुतांशी वेगळी आहे. साखर कारखान्यातील मळीपासून अथवा धान्यापासून उंच स्तंभाकार यंत्रांत शुद्ध मद्यार्क काढावयाचा, त्यात थोडे माल्ट मद्य आणि रंग-सुवास मिसळावयाचा व बाटल्या भरावयाच्या, अशी ती पद्धत आहे. महाराष्ट्रातील वाचकास मळी आणि मद्यार्क यांचे नाते निराळे सांगावयास नको. अनेक साखर कारखान्यांच्या आवारात आसवनी उभी असते. युरोपीय संघाच्या नियमांप्रमाणे मात्र व्हिस्की धान्यापासूनच झालेली आणि किमान तीन वर्षे लाकडी पिंपात मुरलेली असावी लागते. त्यामुळे मळीच्या मद्यार्कावर आधारलेले पेय तेथे 'व्हिस्की' म्हणून विकता येत नाही. जगातील सर्वांत मोठ्या व्हिस्की बाजारपेठांपैकी एक आपल्या देशात असूनही तिच्यातील बहुतेक माल परदेशात त्या नावाने जाऊ शकत नाही, अशी ही विसंगती आहे. सिंगल माल्टने हा अडसर प्रथमच ओलांडला.

उद्योगाची पूर्वपीठिका

भारतात माल्टपासून मद्य काढणे नवे नाही. १९व्या शतकात एडवर्ड डायर याने हिमालयाच्या पायथ्याशी कसौली येथे आसवनी स्थापन केली. ब्रिटिश सैनिक व अधिकारी हे तिचे ग्राहक होते. डोंगराळ थंडी आणि पाणी यांमुळे त्या जागेची निवड झाली, म्हणजे स्कॉटलंडशी साम्य शोधणे हाच तिचा हेतू होता. स्वातंत्र्यानंतर हा व्यवसाय नरेंद्रनाथ मोहन यांच्याकडे आला आणि पुढे मोहन मीकिन या नावाने प्रसिद्ध झाला.

उष्ण पठारावर माल्ट व्हिस्की मुरवून ती स्वतःच्या नावाने जगापुढे ठेवण्याचे धाडस बंगळूरच्या अमृत डिस्टिलरीजने केले. राधाकृष्ण जगदाळे यांनी १९४८ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेने आपली सिंगल माल्ट २००४ साली प्रथम विक्रीस आणली ती भारतात नव्हे, तर ग्लासगो येथे, म्हणजे स्कॉच व्हिस्कीच्या माहेरघरी. आरंभीचा प्रतिसाद थंडच होता. परंतु २०१०च्या आवृत्तीत जिम मरे या ब्रिटिश समीक्षकाने आपल्या वार्षिक ग्रंथात अमृतच्या 'फ्यूजन' या व्हिस्कीस जगात तिसरे स्थान दिले आणि चित्र पालटले.

गोव्याची कथा याच सुमारास सुरू होते. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, तेव्हा शेजारच्या महाराष्ट्रात दारूबंदीचा कायदा अमलात होता. गोव्यात ती परंपरा नव्हती. काजूची फेणी आणि माडाची फेणी हा तेथील घरगुती व ग्रामीण व्यवसायच होता. मद्यनिर्मितीचे कारखाने गोव्यात येण्यास हा इतिहास आणि सौम्य करपद्धती ही दोन्ही कारणे झाली. बंगळूरच्या जॉन डिस्टिलरीज या १९९२ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीने सासष्टी तालुक्यातील कुंकळ्ळी येथे माल्ट व्हिस्कीची आसवनी चालविली आणि 'पॉल जॉन' ही सिंगल माल्ट २०१२ साली ब्रिटनमध्ये प्रथम विक्रीस आणली. याच कंपनीची 'ओरिजिनल चॉइस' ही स्वस्त व्हिस्की देशात प्रचंड खपणारी आहे. जो माल आज भरला म्हणजे पाच-सहा वर्षांनी पैसे देणार, त्याचा भार रोज पैसे देणाऱ्या मालाने उचलावा, ही व्यवस्था भारतातील बहुतेक माल्ट उत्पादकांच्या बाबतीत दिसून येते.

किनाऱ्याच्या उत्तर टोकाला, आताच्या पालघर जिल्ह्यातील डहाणू येथे, साउथ सीज डिस्टिलरीज ही संस्था १९८०च्या दशकापासून भट्टीतील माल्ट मद्य काढीत आली. ते मद्य बहुतेक इतर कंपन्यांच्या मिश्रणात जात असे. स्वतःच्या नावाने सिंगल माल्ट बाजारात आणण्याचे पाऊल तिने अगदी अलीकडे टाकले. उत्तरेत रामपूर (२०१६), हरियाणातील इंद्री (२०२१) आणि राजस्थानातील अलवर येथील 'गोडावण' (२०२२) या नावांची भर पडली. एका पिढीच्या आत एक उद्योग जन्मास आला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

उष्णता : लाभ आणि हानी

पिंपात मुरताना मद्याचा काही भाग लाकडाच्या छिद्रांतून वाफ होऊन जातो. स्कॉटलंडमधील लोक यास विनोदाने 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. तेथे हा वाटा वर्षाला सुमारे २ टक्के असतो. गोव्यात तो सुमारे ८ टक्के आणि बंगळूरला १० ते १२ टक्के असल्याचे सांगितले जाते. मात्र ज्या उष्णतेमुळे ही हानी होते, तीच उष्णता मद्यास लाकडात खोलवर ढकलते आणि लाकडातील द्रव्ये लवकर बाहेर ओढते. दिवस-रात्रीच्या आणि ऋतूंच्या तापमानातील फरकाने मद्य लाकडात शिरते व परत येते. यामुळे उष्ण प्रदेशातील चार-पाच वर्षांची व्हिस्की थंड प्रदेशातील दहा-बारा वर्षांच्या व्हिस्कीइतकी गडद व भरदार होऊ शकते. दोन्ही अगदी सारख्या होतात असे नाही. लाकडाचा अर्क लवकर उतरतो, पण मद्य आणि हवा यांच्यातील संथ रासायनिक क्रिया तितक्या वेगाने होत नाहीत.

याचा आर्थिक अर्थ एका साध्या गणिताने समजेल. २०० लिटरचे एक पिंप घेऊ. वर्षाला २ टक्के घट धरली तर बारा वर्षांनी त्यात सुमारे १५७ लिटर उरतात. ८ टक्के घट धरली तर पाच वर्षांनी सुमारे १३२ लिटर आणि बारा वर्षांनी केवळ ७४ लिटर उरतात. आता भांडवलावरील व्याज पाहू. वार्षिक ८ टक्के चक्रवाढ व्याजाने १०० रुपये पाच वर्षांत १४७ आणि बारा वर्षांत २५२ होतात. म्हणजे आरंभी १०० रुपये खर्च आलेले मद्य थंड प्रदेशात बारा वर्षे मुरविले तर घट आणि व्याज धरून ते सुमारे ३२१ रुपयांस पडते. गोव्यात पाच वर्षे मुरविले तर सुमारे २२३ रुपयांस. आणि गोव्यातच बारा वर्षे मुरविले तर सुमारे ६८५ रुपयांस.

या आकड्यांतून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, उष्ण प्रदेशाने तरुण वयातील उत्तम व्हिस्की करावी. तेथे त्याला नैसर्गिक लाभ आहे. दुसरा असा की, बाटलीवर अठरा किंवा पंचवीस वर्षांचे वय छापून स्कॉच व्हिस्कीशी स्पर्धा करणे हा त्याचा मार्ग नव्हे. ग्राहकाने वयाच्या आकड्यालाच गुण समजावे, अशी सवय स्कॉच व्यापाराने शंभर वर्षांत लावली आहे. ती सवय बदलणे हे या उद्योगापुढील पहिले काम आहे आणि ते जाहिरातीपेक्षा चवीनेच साधेल.

आणखी एक लाभ सहसा लक्षात घेतला जात नाही. व्हिस्कीचा उत्पादक आज भट्टी पेटवितो ती भविष्यातील मागणीच्या अंदाजावर. बारा वर्षांनंतरच्या मागणीचा अंदाज करण्यापेक्षा पाच वर्षांनंतरचा अंदाज करणे कमी धोक्याचे असते. उष्णता मद्याची मात्रा घेते, पण त्याबदली काळ परत देते.

कच्चा माल

गोव्याच्या व्हिस्कीत गोव्याचे काय आहे, असा प्रश्न कोणीही विचारील. जव गोव्यात पिकत नाही. ते रब्बीचे पीक असून राजस्थान, हरियाणा व उत्तर प्रदेश येथून येते. राजस्थान त्याच्या उत्पादनात अग्रेसर आहे. ओकची पिंपे बहुतेक अमेरिकेतून येतात. तेथील बर्बन व्हिस्कीच्या कायद्यानुसार प्रत्येक वेळी नवे पिंप वापरावे लागत असल्याने एकदा वापरलेली पिंपे जगभर विकली जातात. धुराचा वास हवा असेल तर त्यासाठी लागणारे पीट, म्हणजे दलदलीतील कुजलेल्या वनस्पतींचे ज्वलनशील थर, स्कॉटलंडहून आणावे लागते. मग प्रदेशाचे उरते ते हवामान, पाणी आणि कारागिरांचे कौशल्य. परंतु वरील विवेचनावरून हे ध्यानात येईल की, व्हिस्कीच्या बाबतीत हवामान हाही एक कच्चा मालच आहे.

भारतीय जवाविषयी थोडे सांगणे अगत्याचे आहे. आपल्याकडे पारंपरिक रीतीने पिकविले जाते ते सहाओळी जव. युरोपातील आसवनी दोनओळी जव पसंत करतात, कारण त्याचा दाणा टपोरा असून त्यात पिष्ट अधिक असते. स्कॉटलंडमध्ये एक टन माल्टपासून सुमारे ४०० लिटर शुद्ध मद्यार्क मिळतो. सहाओळी जवात प्रथिने व टरफल अधिक असल्याने हे प्रमाण कमी पडते. परंतु याच जवामुळे मद्यास काहीसा तेलकट व मसालेदार गुण येतो, असे आसवनीकार मानतात. अमृत आणि पॉल जॉन या दोघांनीही हा उणेपणा आपली ओळख म्हणून स्वीकारला. कर्नाल येथील भारतीय गहू व जव संशोधन संस्थेत माल्टसाठी योग्य वाणांवर काम होत आले आहे. जवाला गव्हापेक्षा कमी पाणी लागते आणि क्षारयुक्त जमिनीतही ते तग धरते. आसवनीने शेतकऱ्याशी आगाऊ दराचा करार केला, तर कोरडवाहू भागात या पिकाला नवे मोल येऊ शकते. माल्ट व्हिस्कीचा समाजाच्या दृष्टीने सर्वांत निर्मळ लाभ कोणता असेल तर तो हाच.

पाण्याची बाजू तितकी निर्मळ नाही. भरडणे, किण्वन आणि विशेषतः वाफ थंड करणे यांसाठी आसवनीस पुष्कळ पाणी लागते आणि भट्टीत उरणारे सांडपाणी तीव्र सेंद्रिय भाराचे असते. प्रदूषण नियंत्रणाच्या वर्गीकरणात आसवनी हा अत्यंत प्रदूषणकारी उद्योगांपैकी एक मानला जातो. उरलेला चोथा जनावरांच्या खाद्यास उपयोगी पडतो, परंतु सांडपाण्याची पूर्ण विल्हेवाट लावणे खर्चाचे असते. गोव्यासारख्या लहान नद्यांच्या प्रदेशात कारखान्याच्या वाढीला पाणी हीच पहिली मर्यादा ठरेल.

नावाचा प्रश्न

एखाद्या प्रदेशाचा माल प्रसिद्धीस आला की त्या प्रदेशाच्या नावाला किंमत येते आणि मग त्या नावाचे रक्षण करावे लागते. स्कॉच व्हिस्कीच्या उत्पादकांनी हे काम किती चिकाटीने केले, याचा अनुभव भारतास आहे. खोडे डिस्टिलरीजने १९६८ पासून 'पीटर स्कॉट' नावाची व्हिस्की विकली. त्या नावाविरुद्ध स्कॉच व्हिस्की असोसिएशनने दिलेला लढा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००८ मध्ये न्यायालयाने खोडे यांच्या बाजूने निकाल दिला. तक्रार करण्यास झालेला दीर्घ विलंब हे त्यातील एक प्रमुख कारण होते.

गोव्याला स्वतःच्या घरातही एक धडा उपलब्ध आहे. काजू फेणीस २००९ मध्ये भौगोलिक निर्देशनाची नोंद मिळाली. कोणत्या फळापासून, कोणत्या प्रदेशात, कोणत्या पद्धतीने काढलेले मद्य फेणी म्हणवले जाईल, हे तीमुळे ठरले. भारतीय माल्ट व्हिस्कीनेही असेच केले पाहिजे. जव कोठले, आसवन कोठे, मुरविणे किती काळ व कोणत्या पिंपात, हे सर्व उत्पादकांनी एकमताने ठरविले नाही, तर कोणीही आयात केलेले मद्य येथे बाटलीत भरून त्यावर भारतीय नाव छापील. जपानमध्ये नेमके हेच घडत असे. तेथील उत्पादकांच्या संघाने २०२१ पासून नियम घालून घेतले, त्यांनुसार जपानमध्येच आसवन झालेली व किमान तीन वर्षे मुरलेली व्हिस्कीच जपानी म्हणविता येते. अठ्ठ्याण्णव वर्षांच्या उद्योगाला जे उशिरा सुचले, ते तरुण उद्योगाने वेळीच करणे शहाणपणाचे होईल.

बाजारपेठ, कर आणि करार

भारतीय मद्य कंपन्यांच्या महासंघाच्या अंदाजाप्रमाणे २०२३ मध्ये देशात सिंगल माल्टच्या सुमारे ६ लाख ७५ हजार पेट्या विकल्या गेल्या. पेटी म्हणजे ९ लिटर. त्यांपैकी ३ लाख ४५ हजार पेट्या भारतीय मालाच्या होत्या. देशी माल्टने परदेशी माल्टला प्रथमच मागे टाकले, म्हणून या आकड्याचा पुष्कळ गौरव झाला. परंतु देशात सर्व प्रकारच्या व्हिस्कीच्या वर्षाला वीस कोटींहून अधिक पेट्या खपतात. त्या मानाने देशी सिंगल माल्टचा वाटा हजारांत दोन पेट्यांएवढाही नाही. वाढीस वाव आहे हे यावरून दिसते. हा उद्योग अद्याप किती नाजूक आहे, हेही त्यावरूनच दिसते.

स्पर्धाही वाढणार आहे. २०२२ मध्ये स्कॉच व्हिस्कीच्या सुमारे २१ कोटी ९० लाख बाटल्या भारतात आल्या आणि संख्येच्या दृष्टीने भारत ही तिची सर्वांत मोठी परदेशी बाजारपेठ ठरली. हे १५० टक्के आयात शुल्क असताना घडले. २४ जुलै २०२५ रोजी भारत आणि ब्रिटन यांच्यात झालेल्या व्यापार करारात, अंमलबजावणी सुरू होताच हे शुल्क ७५ टक्क्यांवर आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणण्याची तरतूद आहे. शुल्काच्या भिंतीआड वाढलेला उद्योग भिंत उतरल्यावर टिकेल काय? स्वस्त स्कॉचशी झुंजणाऱ्या मधल्या दर्जाच्या मिश्रणांना याची झळ अधिक लागेल. ज्यांची चव इतरत्र मिळत नाही अशा माल्टना ती कमी लागेल. शिवाय, मिश्रणासाठी आयात होणारे स्कॉच मद्य स्वस्त झाले तर देशी आसवनीच्या माल्टला मिश्रणातील मागणी कमी होईल, हा धोका दृष्टीआड करून चालणार नाही.

देशांतर्गत अडथळे निराळे आहेत. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार मादक पेयांचे उत्पादन, विक्री व त्यांवरील कर हे राज्यांचे विषय आहेत. वस्तू व सेवा कर आला तरी पिण्याचे मद्य त्याच्या बाहेर राहिले. परिणामी गोव्यातील उत्पादकाला प्रत्येक राज्यात वेगळी नोंदणी, वेगळे शुल्क आणि वेगळे नियम पाळावे लागतात. त्याच्या दृष्टीने सावंतवाडी ही जवळजवळ परदेशी बाजारपेठ असते. महाराष्ट्र शासनाने जून २०२५ मध्ये विदेशी पद्धतीच्या मद्यावरील उत्पादन शुल्क निर्मितीमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट केले आणि राज्यातच धान्यापासून तयार होणाऱ्या स्वस्त मद्याचा 'महाराष्ट्र मेड लिकर' हा नवा वर्ग निर्माण केला. असे निर्णय महसुलाच्या गरजेतून होतात आणि एका रात्रीत होतात. पाच वर्षे आधी पिंप भरणाऱ्या उद्योगास दरापेक्षा ही अनिश्चितताच अधिक बाधक असते.

इतर देशांचे धडे

तैवानमध्ये सरकारी मक्तेदारी संपल्यानंतर एका खाजगी उद्योगसमूहाने कावालान ही आसवनी उभारली. २००६ मध्ये तिच्या भट्टीतून पहिले मद्य आले आणि २०१० मध्ये स्कॉटलंडमधील एका चाचणीत नावे झाकून ठेवलेल्या व्हिस्कींत तिने स्कॉचला मागे टाकले. उष्ण हवामानाशी भांडण्याऐवजी त्याला अनुरूप भट्टी व पिंपे निवडणे, हे तिच्या यशाचे रहस्य होते.

जपानचा धडा अधिक गंभीर आहे. यामाझाकी आसवनीची स्थापना १९२३ मध्ये झाली. देशांतर्गत खप १९८३ च्या सुमारास शिगेस पोहोचला आणि नंतर पाव शतक घसरत गेला. या काळात आसवनी बंद पडल्या आणि उत्पादन घटविले गेले. पुढे जगभर मागणी उसळली, तेव्हा कोठारांत जुना साठा नव्हता. २०१८ मध्ये सन्टोरी कंपनीला हाकुशू १२ वर्षे आणि हिबिकी १७ वर्षे या प्रसिद्ध व्हिस्कींची विक्री थांबवावी लागली. स्कॉटलंडमध्ये उलट घडले. १९७०च्या दशकातील अवास्तव अपेक्षांमुळे साठा तुंबला आणि १९८३ मध्ये पोर्ट एलनसह अनेक आसवनी बंद झाल्या. एकीकडे साठा नाही म्हणून हानी, दुसरीकडे साठा आहे म्हणून हानी. या उद्योगाचा इतिहास म्हणजे चुकलेल्या अंदाजांचा इतिहास आहे. पुरस्कार मिळताच उत्पादन दुप्पट करणाऱ्या आणि त्यासाठी कोवळी पिंपे रिकामी करणाऱ्या उत्पादकाने तो वाचलेला बरा.

मोहाचे उदाहरण

प्रादेशिक मद्याचा विचार जवापाशी थांबू नये. जबलपूरच्या पूर्वेस व आग्नेयेस पसरलेल्या दिंडोरी-मंडला या गोंड-बैगा प्रदेशात, तसेच डहाणू-जव्हारच्या वारली गावांत, मोहाच्या फुलांपासून दारू काढण्याची परंपरा फार जुनी आहे. ब्रिटिश अमलात ती सरकारी महसुलाच्या आड येऊ लागली. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने घरगुती भट्ट्यांवर बंधने आली आणि १८९२ च्या मोह कायद्याने तर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत ती फुले बाळगण्यावरही निर्बंध आले. जे लोक ती दारू काढीत, ते गुन्हेगार ठरले आणि कारखान्यातील मद्य कायदेशीर ठरले.

मध्य प्रदेशाने २०२२ च्या आबकारी धोरणात मोहाच्या दारूस 'वारसा मद्य' म्हणून मान्यता दिली आणि दिंडोरी व अलीराजपूर या जिल्ह्यांत आदिवासी स्वयंसहायता गटांकडे तिचे उत्पादन सोपविण्यास आरंभ केला. डहाणूच्या ज्या आसवनीचा उल्लेख वर आला, तिनेही मोहाचे मद्य बाटलीत भरून बाजारात आणले. दोन्हींची दिशा एक असली तरी मालकी निराळी आहे. एकात फूल वेचणारे हात आणि भट्टी यांची मालकी एकत्र आहे, दुसऱ्यात नाही. माल्ट व्हिस्कीच्या बाबतीतही हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. उद्योग प्रदेशाच्या नावावर वाढला, तर वाढीचा किती वाटा त्या प्रदेशात राहतो? आसवनी हा भांडवलप्रधान उद्योग आहे. यंत्रे फार आणि माणसे थोडी. पर्यटकांना आसवनी दाखविणे, स्थानिक तांबटांकडून भट्ट्या घडविणे, शेतकऱ्यांशी थेट करार करणे, या वाटांनीच तो वाटा वाढू शकेल.

वाढीची मर्यादा

मद्याच्या उद्योगाची चर्चा साबण किंवा कापड यांच्या उद्योगासारखी करता येत नाही. राज्यघटनेचे ४७ वे कलम मादक पेयांच्या सेवनास आळा घालण्याचा प्रयत्न करणे हे राज्याचे कर्तव्य ठरविते. महाराष्ट्रात वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून आणि गडचिरोली जिल्ह्यात, स्त्रियांच्या मोठ्या चळवळीनंतर, १९९३ पासून दारूबंदी लागू आहे. २००७ मध्ये राज्याने धान्यापासून मद्यार्क निर्मितीस अनुदान देऊ केले, तेव्हा डॉ. अभय बंग यांच्यासह अनेकांनी त्यास कडाडून विरोध केला. भुकेल्यांच्या देशात ज्वारीची दारू करण्यास सरकारने पैसे द्यावेत काय, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो आजही निरुत्तर करणारा आहे.

या प्रश्नासमोर सिंगल माल्टचा उद्योग एक उत्तर देऊ शकतो. मात्र ते त्याच्या आचरणातून यावे लागेल. त्याचे मोल मात्रेत नसून गुणात आहे. हजार लिटर स्वस्त मद्यार्क विकून जो लाभ होतो, तो अल्प माल्ट विकून होत असेल, तर कमी पिऊन अधिक मूल्य निर्माण करणारा उद्योग म्हणून त्याला समाजात स्थान मागता येईल. परंतु सिंगल माल्टच्या प्रतिष्ठेचा झगमगाट दाखवून त्याच नावाखाली स्वस्त मद्याचा खप वाढविणे, हा मोह या व्यवसायात मोठा आहे. जाहिरातीवरील बंदीला वळसा घालण्यासाठी सोडा व संगीतसोहळे यांच्या नावाने होणारा प्रचार सर्वांच्या परिचयाचा आहे. अनुदान मागताना हा उद्योग शेतकऱ्याचे नाव घेणार असेल, तर दुष्परिणामांच्या हिशेबातही त्याने गावाचे नाव घेतले पाहिजे.

उपसंहार

वरील विवेचनाचे सार असे. पश्चिम किनाऱ्यावरील माल्ट व्हिस्कीस वाढीची संधी निश्चित आहे, कारण उष्णतेने तिला कमी वयात परिपक्वता आणि निराळी चव दिली आहे. पण हीच उष्णता दर वर्षी पिंपातील बारावा-तेरावा हिस्सा घेऊन जाते आणि मोठ्या साठ्याची चैन परवडू देत नाही. म्हणून या उद्योगाची नैसर्गिक वाढ मध्यम गतीची आहे. जव पिकविणाऱ्याशी दीर्घ मुदतीचा करार, पाण्याचा प्रामाणिक हिशेब, नावाची काटेकोर व्याख्या आणि राज्यांची स्थिर करनीती ही चार बंधने त्याने स्वीकारली, तर पुढील वीस वर्षांत गोव्याचे नाव व्हिस्कीच्या नकाशावर पक्के होईल. ती झुगारून तो केवळ पेट्यांच्या संख्येमागे धावला, तर शुल्काची भिंत उतरताच स्वस्त स्कॉचसमोर त्याचा टिकाव लागणार नाही. कोठारात मुरत पडलेल्या पिंपांची संख्या आणि ती न उघडण्याचा संयम, या दोहोंवरूनच या उद्योगाचे बळ मोजावे लागेल.